कल्ले तसेच

मृण्मयीनं बडोद्याला जाताना
काचेची पेटी माझ्या ताब्यात दिली, म्हणाली,
मामा, हा मोठा झाला की मला सांग.
माझ्या करंगळीएवढा ॲक्सोलॉटल,
पांढरा, जरा गुलाबीकडे झुकलेला.
नाव बत्तासा. तिनंच ठेवलेलं.

मी कुपवाडला, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये.
आत पाच अंश, बाहेर सांगलीचा मे महिना.
घरी जाताना पिशवीत गार बाटल्या नेतो,
दोन त्याच्या पाण्यात सोडायला,
एक माझ्यासाठी.

वयाचं मला कळतं ते द्राक्षापुरतं.
साखर चढते, देठ तपकिरी पडतो,
मग रॅकवर पंधरा दिवस, की सुरकुतून मोकळं.
कुणीही चिमटीत धरून सांगेल, झालंय.
बेडकाचं पोरसुद्धा शेपूट टाकून
काठावर येतं, चारचौघांत जाहीर करतं.
हा मात्र डोक्यामागं तीन-तीन पिसं लावून
तसाच काचेला टेकलेला,
हसतोय असं वाटावं असं तोंड.

डबा द्यायला आलेल्या कुंदाकाकू वाकून बघत म्हणाल्या,
पाल पाळलीय होय?
आणि हे जन्मभर असं बाळासारखंच राहणार?
मग माझ्याकडं बघितलं. मी त्रेचाळीस.
घरात एक होतंच की, म्हणाल्या,
डब्यात आज वांगं आहे म्हणाल्या, गेल्या.

मिरजेत इलियास मुजावरचं माशांचं दुकान.
तो बोलताना जाळी धूत होता, वर बघत नव्हता.
लांबीवर जाऊ नका साहेब.
वीतभर झाला म्हणून वयात आला असं नसतंय.
आधी वाढ थबकते. ती बघा.
गोरा आहे ना तुमचा? मग बोटांची टोकं काळवंडतील.
आणि मागच्या पायांच्या मागं, शेपटीच्या मुळाशी.
तिथं फुगला तर नर.
अंगानं रुंदावली तर मादी.
वर्ष लागंल, दीड लागंल.
तुम्हाला कुठं लग्न ठरवायचंय त्याचं?

पेटीला पट्टी चिकटवली.
बँकेच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी:
जुलै, नऊ. सप्टेंबर, चौदा. नोव्हेंबर, अठरा.
जानेवारी, एकोणीस.
फेब्रुवारी, एकोणीस.
पुढं नुसतं दूध.

मार्चात एकदा गांडूळ देताना दिसलं,
बोटांची टोकं चहात बुडवल्यासारखी.
मी चष्मा पुसला. पुन्हा चहाच.
ट्यूब बंद केली, बॅटरी खालून धरली,
आणि शेपटीखाली बघताना
कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं
एकदम ओशाळलो. बॅटरी विझवली.
फुगवटा होता.

नंतर एका पहाटे, रात्रपाळी करून आलो
तर तळाच्या पाटीवर पांढरे ठिपके.
नीट बघितलं तर चिमुकले सुळके, चिकट,
काचेसारखे, टोकाला दुधाचा थेंब.
आठ. ओळीत नव्हे, इकडंतिकडं.
बुरशी आली म्हणून घाबरून फोटो पाठवला.
इलियासचा फोन आला, झोपेतलाच आवाज.
बुरशी कसली, अभिनंदन करा त्याचं.
मादी आली की तिनं उचलावं म्हणून ठेवतात ते.
पण इथं मादी कुठाय?
नसंना. तरी ठेवतात कधीकधी.

पाणी बदलायचा दिवस होता. बदललं नाही.
खुर्ची ओढून बसलो, बूटही न काढता.
तो कोपऱ्यात, पिसं हलवत,
काल होता तसाच,
आणि समोर कुणासाठी तरी मांडलेलं सगळं.

रविवारी मृण्मयीचा व्हिडिओ कॉल.
कॅमेरा छताकडं, नुसता पंखा फिरताना दिसतोय.
तोंड तरी दाखव की.
नको मामा. खूप पिंपल्स आलेत.
आवाजही जरा जाड, सर्दीचा असेल.
शाळा, नवी मैत्रीण, उकाडा.
बत्ताशाचं तिनं विचारलंच नाही.
शेवटी मीच म्हणालो, अगं, तो मोठा झाला.
पंखा फिरत राहिला.
मग पंख्याखालून, हळूच:
आता वेगळाच दिसतो का?

कल्ले तसेच आहेत, म्हणालो.
खरंच?

मी फोन पेटीकडं वळवला.